मागच्या एक्सलला कॉइलओव्हर: आधी जागा, मग स्ट्रोक, मग स्प्रिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 1960 च्या दशकातली दोन दारी गाडी, मागच्या चाकांवर चालणारी, मागे अख्खा एक्सल. पाटे (लीफ स्प्रिंग) काढून फोर-लिंक, म्हणजे एक्सलला चेसिसशी जोडणारे चार दांडे, बसवून झाली आहे आणि आता कॉइलओव्हर, म्हणजे भोवतीच स्प्रिंग बसवलेले शॉक, घ्यायचे आहेत. किती लांबीचे घ्यावेत, स्प्रिंग किती पौंडाची (म्हणजे ती एक इंच दाबायला किती पौंड लागतात), आणि जुन्या शॉकच्याच ब्रॅकेटला ते लावले तर चालेल का? गाडी फक्त रस्त्यावर चालणार, अधूनमधून मागे दोन माणसं आणि डिकीत सामान असणार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नाही, जुन्या ब्रॅकेटला लावू नका.

पाट्यांच्या गाडीत वजन कुठून जातं ते डोळ्यासमोर आणा. पाट्याचं पुढचं टोक एक्सलच्या पुढे हँगरमध्ये असतं, मागचं टोक शॅकल नावाच्या हलत्या कडीत. गाडीचा मागचा सगळा भार या दोन जागांतून चेसिसमध्ये उतरतो, आणि कारखान्याने पत्रा जाड केलेला असतो तो तिथेच. शॉक मात्र वजन उचलत नाही. तो फक्त हालचाल रोखतो, त्यामुळे त्याच्या ब्रॅकेटवर क्षणभराची ओढ आणि क्षणभराचा दाब एवढंच येतं. बऱ्याच गाड्यांत वरचा ब्रॅकेट म्हणजे मागच्या सीटखालच्या पत्र्याला पॉइंट वेल्ड केलेली एक पट्टी असते. कॉइलओव्हर लावलात की गाडीचं मागचं संपूर्ण वजन त्या पट्टीवर येतं, गाडी नुसती उभी असतानाही. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीत तर मागे लिव्हर-आर्म शॉक (चेसिसला बसवलेले, आडव्या दांड्याने हलणारे) होते, म्हणजे उभ्या शॉकसाठी वर जागाच नाही.

माझ्याकडे एकदा अशी गाडी आली होती. तक्रार एवढीच, की खड्ड्यात मागून ‘टक्’ असा आवाज येतो. मालकाने शॉकच्या टोकातले रबरी बुश दोनदा बदलले होते. डिकीतलं कार्पेट उचललं तर शॉकच्या बोल्टभोवती पत्र्याला अर्धचंद्रासारखी चीर गेलेली, आणि चिरेच्या कडा घासून आरशासारख्या चकचकीत झालेल्या. प्रत्येक खड्ड्याला तो पत्रा उघडमीट करत होता. शॉक उत्तम होते, स्प्रिंगही बरोबर होती. फक्त वजन चुकीच्या जागी टांगलं होतं.

म्हणून पहिलं काम क्रॉसमेंबरचं. दोन्ही चेसिस रेलच्या मध्ये एक आडवी नळी टाका. 50 मिमी चौकोनी, 3 मिमी जाडीची नळी रस्त्यावरच्या गाडीला पुरते. तिच्यावर 5 किंवा 6 मिमी प्लेटचे ब्रॅकेट वेल्ड करा. गाडी मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेली, बॉडीच भार पेलणारी) असेल आणि रेल पातळ पत्र्याचे असतील तर नळी थेट पत्र्याला जोडू नका. आधी रेलच्या बाजूवर 3 मिमीची पसरट प्लेट लावा, तिचे कोपरे गोल करा, कडेने वेल्ड करा आणि मधे भोकं पाडून तिथेही भरा. टोकदार कोपऱ्याच्या प्लेटपासून चीर सुरू होते, हे मी वारंवार पाहिलं आहे. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडा आणि पेट्रोलची टाकी खाली उतरवा. ‘टाकी लांब आहे, ओला कपडा टाकतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला हात लावू देऊ नका.

ब्रॅकेट दोन कानांचा असावा, शॉकचा डोळा (टोकाचं बोल्टचं भोक) दोन प्लेटच्या मध्ये. एकाच बाजूने बाहेर आलेल्या बोल्टवर शॉक लटकवला तर तो बोल्ट वाकतो. आधीचे शॉक तसे लटकत असतील, पण त्यांच्यावर वजन नव्हतं. बोल्ट 12 मिमी, 10.9 ग्रेडचा घ्या, आणि प्लेट जिथे बोल्टला टेकते तिथे त्याची सपाट दांडी यायला हवी, आटे नव्हे. त्यासाठी थोडा लांब बोल्ट घेऊन जास्तीचे आटे कापावे लागले तरी चालेल.

खालचे ब्रॅकेट एक्सलच्या नळीवर येतात. इथे लांब सलग वेल्ड मारली की नळी केळ्यासारखी वाकते, मग बेअरिंग आणि सील वरचेवर जातात. आलटून पालटून एकेक इंचाचे टाके मारा, मधे थंड होऊ द्या. आणि उंची तपासा: टायर पूर्ण बसून गाडी रिमवर आली तरी कुठलाही ब्रॅकेट किंवा बोल्ट जमिनीला लागता कामा नये. दोन्ही रिमच्या खालच्या कडांना सुतळी ताणून बघितली की एका मिनिटात कळतं.

आता दोन शॉकमधलं अंतर आणि त्यांचा कल. शॉक जितके चाकाजवळ आणि जितके उभे, तितकं चांगलं. दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा फक्त कल महत्त्वाचा. वळणावर गाडी कलते तेव्हा मात्र दोन शॉकमधलं अंतरही मोजावं लागतं, आणि तेही वर्गाने. समजा चाकांमधलं अंतर 1300 मिमी आहे आणि शॉकची खालची टोकं एकमेकांपासून 900 मिमीवर. वळणावर तुमच्या स्प्रिंगचा जोर चाकापाशी जेमतेम 48 टक्के उरतो. तीच टोकं 1000 मिमीवर नेलीत तर 59 टक्के. प्रत्येक बाजूला फक्त 50 मिमी सरकवलं आणि गाडीचा झुकाव आवरण्याची ताकद जवळजवळ पावपटीने वाढली. स्प्रिंग कडक न करता, खड्ड्यात त्रास न होता. ब्रॅकेट टाकायच्या आधी टायर आणि स्प्रिंग यांच्यात किती जागा उरते ते मोजून शक्य तेवढं बाहेर जा. 15 मिमी मोकळी ठेवली तर मला समाधान वाटतं.

कलाचंही तसंच. उभ्या रेषेपासून शॉक 10 अंश कलला तर स्प्रिंगचा 97 टक्के जोर चाकापाशी पोचतो, 20 अंशांना 88, 30 ला 75, आणि 45 ला फक्त निम्मा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वरची टोकं आत झुकलेली असली की एक्सल वर जाताना शॉक आणखी आडवा होतो. म्हणजे खड्डा जितका खोल, तितकी स्प्रिंग मऊ पडत जाते. हवं असतं त्याच्या बरोबर उलट. म्हणून 20 अंशांपर्यंत निर्धास्त राहा, 30 ही माझी शेवटची हद्द.

बोल्ट कोणत्या दिशेने घालायचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण अख्ख्या एक्सलच्या गाडीत तो फार मोलाचा आहे. एकच चाक खड्ड्यात गेलं की एक्सल तिरका होतो. बोल्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने असेल तर डोळा त्याच्याभोवती सहज फिरतो. बोल्ट एक्सलला समांतर असेल तर डोळा फिरू शकत नाही, बुश पिळवटतो आणि शॉकच्या दांड्यावर आडवा ताण येतो. काही महिन्यांत सीलमधून तेल येऊ लागतं आणि दोष शॉकवर जातो. जागेअभावी बोल्ट समांतरच घालावा लागला तर टोकाला गोलाकार बेअरिंग घ्या. ते सगळ्या दिशांनी फिरतं, पण धूळ-पाण्याने झिजतं आणि झिजलं की खडखडतं. नेहमीच्या वापरासाठी मी दोन्ही टोकांना चांगला रबर किंवा पॉलियुरेथेन बुश आणि लांबीच्या दिशेने बोल्ट, हेच पसंत करतो.

जागा ठरली की स्ट्रोक, म्हणजे शॉक एकूण किती दबू-उघडू शकतो ते. लोक इथे उलटं करतात. आधी शॉक विकत घेतात आणि मग त्याला जागा शोधतात. तुम्ही गाडी नेहमीच्या उंचीवर स्टँडवर ठेवा, एक्सल जॅकवर घ्या आणि मोजा. एक्सल वर जाऊन चेसिसचं रबर (एक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून असलेलं) पूर्ण दाबेपर्यंत किती जातो, आणि खाली ब्रेकचा पाइप ताणू लागेपर्यंत किंवा प्रोपेलर शाफ्टचा सांधा अडेपर्यंत किती. उदाहरणासाठी वर 75 मिमी आणि खाली 60 मिमी धरू. शॉक 20 अंश कललेला असेल तर त्याच्या रेषेत हे 70 आणि 56 होतात, एकूण 126. साधारण 5 इंच स्ट्रोकचा शॉक, म्हणजे 127 मिमी, कागदावर बसतो, पण शिल्लक काहीच नाही. तो घेऊ नका. 6 इंची घ्या, 152 मिमी. गाडी उभी असताना दबण्यासाठी 82 आणि उघडण्यासाठी 70 मिमी राहील असा बसवा. रस्त्यावरच्या गाडीत दबण्याच्या बाजूला निम्म्याहून थोडा जास्त स्ट्रोक ठेवणं हिताचं असतं.

मग ब्रॅकेटची उंची आपोआप ठरते. पूर्ण दबलेल्या शॉकची लांबी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत समजा 290 मिमी आहे. त्यात 82 मिळवा. गाडी नेहमीच्या उंचीवर असताना दोन बोल्टमधलं अंतर 372 मिमी हवं. मी लोखंडी पट्टीला या अंतरावर दोन भोकं पाडून ती शॉकच्या जागी बोल्टने अडकवतो आणि मगच ब्रॅकेट टाके मारून जागेवर धरतो. हातात शॉक धरून अंदाजाने वेल्ड केलं तर 10-15 मिमी कुठे गेले ते कळत नाही.

रबर आधी दबलं पाहिजे, शॉक तळाला टेकता कामा नये. शॉक आतून टेकला की त्याचा दणका थेट नव्या क्रॉसमेंबरला बसतो आणि पिस्टनचीही वाट लागते. चेसिसचं मूळ रबर गेलं असेल तर नवं टाका. शॉकच्या दांड्यावरचा छोटा फोम हा त्याला पर्याय नाही.

आता स्प्रिंग. ‘माझ्या गाडीला किती पौंडाची’ या प्रश्नाला गाडीचं नाव पुरत नाही, तराजू लागतो. तुम्ही चालवण्याच्या स्थितीत, अर्धी टाकी पेट्रोल आणि सीटवर माणूस असताना, मागच्या चाकांचं वजन करा. समजा 640 किलो आलं. यातलं एक्सल, डिफरन्शिअल, ब्रेक, चाकं आणि लिंकचं अर्धं वजन स्प्रिंगवर नसतं, ते रस्त्यावरच असतं. ते 160 किलो धरलं तर स्प्रिंगवर 480, म्हणजे एका बाजूला 240 किलो.

स्प्रिंग किती मऊ हवी हे गाडी सेकंदाला किती वेळा डुलते यावर ठरवतात. आरामात चालणाऱ्या जुन्या गाडीला मागे 1.3 ते 1.5 हर्ट्झ ठीक. पुढच्या चाकांचा आकडा मागच्यापेक्षा थोडा कमी ठेवायचा. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागची चाकं उशिरा वर येतात पण लवकर डुलून पुढच्यांना गाठतात, आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे न डोलता सपाट बसते. 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी हे प्रयोग करून दाखवलं आणि ते आजही लागू पडतं.

1.3 हर्ट्झसाठी 240 किलोला चाकापाशी मिलिमीटरला 16 न्यूटन लागतात. शॉक 20 अंश कललेला म्हणून 0.88 ने भागा: 18.1. पौंडांच्या हिशेबात ही सुमारे 103 पौंड प्रति इंच. बाजारात 100 आणि 110 मिळतात. इथे थांबून बरेच जण 100 ची 12 इंची स्प्रिंग मागवतात. थांबू नका, पुढचा हिशेब करा. 20 अंशांच्या कलामुळे स्प्रिंगवर 2500 न्यूटन येतात. 100 पौंडी स्प्रिंग एवढ्या वजनाने 143 मिमी दबते. 12 इंच म्हणजे 305 मिमी; त्यातून 143 गेले, उरले 162. त्यातून वर जायचे 70 वजा केले की 92. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात ती उंची उत्पादकाच्या तक्त्यात दिलेली असते. ती 95 असेल तर रबर पुरतं दबायच्या आत स्प्रिंग लोखंडाचा ठोकळा होते. त्या क्षणी मागे सस्पेन्शन नावाची गोष्टच उरत नाही.

110 पौंडी घेतली तर तशाच पूर्ण दबलेल्या स्थितीत 105 मिमी उरतात, जेमतेम सुटका. 125 पौंडी घेतली तर गाडीचं वजन पेलताना 114 मिमी दबते आणि खड्ड्याच्या तळाशी 121 मिमी उरतात. डुलण्याचा वेग 1.43 हर्ट्झ होतो, म्हणजे अजून मर्यादेत. दुसरा मार्ग म्हणजे 14 इंची मऊ स्प्रिंग. पण ती शॉकच्या बॉडीवर मावली पाहिजे आणि लांब स्प्रिंग मधे फुगते.

तुमच्या बाबतीत मी 125 वर जाईन, आणि त्याचं कारण मागची दोन माणसं. माणसं आणि सामान धरून एक्सलवर 150 किलो वाढले तर प्रत्येक स्प्रिंगवर 75. 100 पौंडी स्प्रिंग त्यात आणखी 45 मिमी दबते. तुमच्याकडे वरच्या बाजूला होते एकूण 70. उरले 25, म्हणजे पहिल्याच स्पीडब्रेकरला रबरावर. 125 पौंडी 36 मिमी दबते आणि 34 उरतात. हेही फार नाहीत, पण त्यावर घरच्यांना घेऊन जाता येतं.

स्प्रिंग पूर्ण लटकलेल्या स्थितीतही जागेवर दाबून बसलेली राहते ना, हेही पाहा. वरच्या उदाहरणात शॉक पूर्ण उघडला तरी स्प्रिंग 44 मिमी दबलेलीच असते, त्यामुळे जास्तीची छोटी हेल्पर स्प्रिंग लागत नाही. खूप कडक, आखूड स्प्रिंग घेतली तर मात्र ती लटकल्यावर सैल होऊन कॉलरवर (स्प्रिंग ज्या आट्यांच्या कड्यावर टेकते त्यावर) नाचते आणि परत बसताना तिरकी बसू शकते.

खालची कॉलर फिरवली की स्प्रिंग कडक होते, हा समज मला रोज खोडावा लागतो. साध्या एकसमान स्प्रिंगमध्ये कॉलर वर नेली की फक्त गाडी वर जाते. स्प्रिंग तेवढीच मऊ राहते, कारण तिच्यावरचं वजन बदललेलं नाही. बदलते ती शॉकची स्थिती. कॉलर वर नेऊन गाडी 30 मिमी उचललीत तर लटकण्यासाठी ठेवलेल्या जागेतले 28 मिमी गेले. गाडी बसली आहे म्हणून कॉलर शेवटच्या आट्यापर्यंत न्यावी लागत असेल तर स्प्रिंग चुकली आहे किंवा ब्रॅकेट. कॉलर 10-15 मिमीच्या बारीक जुळवणीसाठी आहे. फिरवायच्या आधी चाक हवेत घ्या, आटे ब्रशने साफ करा आणि थोडं ग्रीस लावा. मातीने भरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर जोर लावला की कॉलर कायमची अडकते.

शॉक स्वतः कोणता, यावर लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि मला तो सर्वांत कमी लागतो. ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) मऊ चालतो, पण उलटा लावता येत नाही, आणि आडवा पडून राहिला असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-सहा वेळा हाताने पूर्ण दाबून-उघडून त्यातली हवा वर काढावी लागते. मोनोट्यूब (एकाच नळीचा) उलटाही चालतो, तापल्यावर टिकून राहतो, पण त्यातला गॅसचा दाब गाडीला थोडा उचलतो. 14 मिमी दांडा आणि 15 बार दाब असेल तर एका शॉकमागे साधारण 23 किलोचा जोर. उंची ठरवताना तो धरावा लागतो. एका बटणाने उघडण्याची बाजू बदलणारा शॉक तुम्हाला पुरेसा आहे. दोन बटणांचा घेतलात तर वाईट नाही, पण दोन्ही कळायला वेळ द्यावा लागेल. सुटे सील आणि दुरुस्ती मिळते का, हे मात्र नक्की विचारा.

बसवताना आधी स्प्रिंगशिवाय बसवा. नुसते शॉक लावून एक्सल जॅकने पूर्ण वर न्या, पूर्ण खाली आणा, मग एक बाजू वर आणि दुसरी खाली. टायर, एक्झॉस्ट, ब्रेकचा पाइप, टाकी, सगळीकडे हात फिरवा. जिथे शंका वाटेल तिथे मळलेल्या मातीचा गोळा चिकटवा. तो किती चेपला ते खरी जागा सांगतो. मग स्प्रिंग घाला. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने घट्ट करा. गाडी चाकांवर उतरवून, दोन-चारदा दाबून बसली की मगच पान्याने पूर्ण आवळा. हवेत आवळलेला रबर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

पहिली फेरी मारण्याआधी शॉकच्या दांड्याला एक केबल टाय बांधा, सीलला लागून, सरकेल इतका घट्ट. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने, एकदा एकट्याने आणि एकदा मागे माणसं बसवून जा. परत आल्यावर टाय दांड्यावर कुठे सरकला आहे ते मोजा. टोकापासून 10-12 मिमी आधी थांबला असेल तर तुमचा स्ट्रोक बरोबर वापरला जातो आहे. टोकाला चिकटला असेल तर शॉक टेकतो आहे आणि ब्रॅकेट किंवा रबराकडे परत जायचं.

उघडण्याचं बटण सगळ्यात मऊ ठेवून सुरू करा आणि एकेक क्लिक वाढवा. उंचवट्यानंतर गाडीचं मागचं टोक एकदा वर येऊन जागेवर थांबलं की तिथेच सोडा. आणखी कडक केलंत तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायला वेळ मिळत नाही, गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी रबरावर चालते. लोक तेव्हा स्प्रिंग मऊ पडली म्हणून आणखी कडक स्प्रिंग आणतात.

100 किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा तपासा, आणि नव्या वेल्डच्या कडांवर रंगात केसाएवढी रेघ दिसते का ते टॉर्च लावून पाहा. क्रॉसमेंबरला फिकट रंग दिलात तर ती रेघ लगेच दिसते.